गॅरेज राहते करताना

अमेरिकेतील उपनगरी घराला जोडलेले गॅरेज मोटारीसाठी बांधले जात असले, तरी कालांतराने ते घरची अडगळीची खोली होऊन बसते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ ते २००५ या काळात त्या परिसरातील ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा चारपैकी सुमारे तीन गॅरेजांत सामानाची इतकी दाटी आढळली की मोटार आत घेणे शक्यच नव्हते. दोन मोटारींचे गॅरेज साधारणपणे ४०० चौरस फुटांचे किंवा त्याहून मोठे असते, म्हणजे मुंबईतील एका लहान सदनिकेएवढी जागा खोक्यांखाली गाडली गेलेली असते. ही जागा मोकळी करून तिथे नीटनेटकी साठवण, टिकाऊ जमीन आणि चार माणसांची बैठक जमवण्याकडे अनेकांचा ओढा असतो, आणि अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत. मात्र गॅरेज ही माणसांसाठी नव्हे, तर वाहन व इंधन यांचा विचार करून बांधलेली जागा असते, हे लक्षात न घेता केलेली सजावट फार काळ टिकत नाही आणि प्रसंगी धोक्याचीही ठरते.

गॅरेजची जमीन काँक्रीटची असते आणि तिला मुख्य दरवाजाकडे मुद्दाम उतार दिलेला असतो, जेणेकरून गाडीवरून निथळणारे पाणी किंवा सांडलेले इंधन घराकडे न येता बाहेर वाहून जावे. दर फुटाला पाव इंचाच्या निम्मा, एवढा नगण्य वाटणारा उतार असला, तरी २० फुटांच्या लांबीत अडीच इंचांचा फरक पडतो. म्हणूनच या जमिनीवर ठेवलेले उंच कपाट पुढे झुकते आणि त्याला खालीवर करता येणारे पाय असावे लागतात. हा उतार भरून काढून जमीन समतल करण्याचा मोह, गाडी आत लावायची असेल तर, टाळलेलाच बरा.

या जमिनीवर सर्वाधिक वापरला जाणारा थर इपॉक्सीचा असतो. राळ आणि ती घट्ट करणारे द्रव्य असे दोन घटक आयत्या वेळी एकत्र करून तो तयार होतो, आणि एकदा मिश्रण झाले की ते पसरवण्यास थोडाच अवधी मिळतो. इपॉक्सी चकचकीत दिसते आणि तेलाचे डाग शोषून घेत नाही. तथापि त्याचे यश वरच्या थरापेक्षा खालच्या काँक्रीटवर अवलंबून असते. नवे काँक्रीट किमान २८ दिवस मुरलेले असावे लागते आणि जुन्या काँक्रीटमधील ओल तपासावी लागते. त्यासाठी दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर घट्ट बसवून किमान १६ तास तसाच ठेवतात. तो उचलल्यावर खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडलेले आढळले, तर जमिनीतून ओल वर येत आहे असे समजावे. अशा जमिनीवर लावलेला थर काही काळाने फुगून सुटतो. ओल नसली, तरी पृष्ठभाग यंत्राने घासून खरखरीत केल्याशिवाय इपॉक्सी पकड घेत नाही, आणि पकड कच्ची राहिली की दूरवरून आलेल्या गाडीची तापलेली चाके निवताना थराचे पोपडे उचलून नेतात. दरवाजाजवळ ऊन येत असेल, तर इपॉक्सी हळूहळू पिवळे पडते. तेथे पॉलिअस्पार्टिक हा उन्हाला टिकणारा आणि लवकर वाळणारा, परंतु महाग थर वापरला जातो.

जिथे ओल हटत नाही, किंवा न्यू जर्सी व मिशिगनसारख्या प्रदेशांत जिथे गाडीबरोबर बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ आत येते, तिथे एकमेकांत अडकवण्याच्या जाळीदार प्लॅस्टिक फरशा अधिक सोयीच्या ठरतात. पाणी त्यांच्या खालून वाहून जाते आणि एखादी फरशी खराब झाल्यास तेवढीच बदलता येते.

साठवणीचे सूत्र एकच असते : जमिनीवर काहीही ठेवू नये. अमेरिकी घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात आणि सांगाड्यातील उभे खांब बहुधा १६ इंचांच्या अंतराने येतात. जड फळ्यांचे स्क्रू या खांबांतच गेले पाहिजेत, कारण नुसत्या जिप्समला भार पेलत नाही. छताला टांगलेले रॅक म्हणजे आपल्याकडचा माळाच. त्यावर गणपतीच्या मखराची खोकी किंवा प्रवासाच्या रिकाम्या बॅगा यांसारखे वर्षातून एकदोनदा लागणारे सामान ठेवावे. छताच्या कैच्या पुष्कळदा केवळ छप्पर पेलण्यासाठी केलेल्या असतात, त्यामुळे त्यांवर अवजड वस्तू टांगण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घेणे आवश्यक असते. गॅसचे सिलिंडर गॅरेजमध्ये ठेवूच नयेत. ओल्या नारळाची पाकिटे आणि गोठवलेल्या भाज्या ठेवण्यासाठी येथे दुसरा फ्रिज असतो. परंतु कडक थंडीत गॅरेजच गारठल्यामुळे साधा फ्रिज फारसा चालूच होत नाही आणि त्याच्या फ्रीझरमधील जिन्नस वितळू लागतात, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

बैठकीची जागा करताना पहिला विचार हवेचा करावा लागतो. गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायू दरवाजा उघडा असतानाही साचू शकतो, म्हणून गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे सर्वथा वर्ज्य असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. त्यामुळे ठिणगी पडू शकेल अशी उपकरणे जमिनीपासून किमान १८ इंच उंच बसवण्याचा दंडक आहे. फोडणीचा वास घरभर होऊ नये म्हणून गॅरेजमध्ये शेगडी मांडणाऱ्यांनी हा दंडक विशेष लक्षात घ्यावा. घर आणि गॅरेज यांमधील भिंत व दार आग काही काळ थोपवून धरण्यासाठी असतात, तेव्हा सोयीसाठी ते दार सतत उघडे ठेवणे म्हणजे त्यामागचा हेतूच निष्फळ करणे होय.

चाकांची आसने, घडीचे टेबल आणि भिंतीवरचा टीव्ही एवढ्यावर भागत असेल, तर काम सोपे असते. परंतु तापमानरोधक थर, नवी वीजजोडणी आणि वातानुकूलन करून जागा कायमची राहती करायची झाल्यास स्थानिक परवाना लागतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून, गॅरेजचे स्वतंत्र लहान निवासस्थान केल्यास गेलेल्या वाहनतळाच्या बदल्यात दुसरा वाहनतळ देण्याची सक्ती स्थानिक संस्थांना करता येत नाही. अन्य राज्यांतील नियम निरनिराळे आहेत.

महाराष्ट्रात बंगल्याच्या किंवा रो हाउसच्या बंदिस्त पार्किंगबाबत हेच प्रश्न वेगळ्या रूपात येतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या वाहनाच्या जागेलाच गॅरेज म्हटले जाते, तर इमारतीखालचा खांबांवरचा मोकळा वाहनतळ विकासकाला गॅरेज म्हणून स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. वाहनतळ म्हणून मंजूर झालेल्या जागेत परवानगीशिवाय खोली काढणे हे अनधिकृत बांधकाम ठरू शकते. पावसाळी ओल आणि वाळवी लक्षात घेता येथे लाकडी फळ्यांऐवजी लोखंडी मांडण्या वापराव्यात आणि त्या कोब्यापासून थोड्या उंच ठेवाव्यात.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम निरुपयोगी सामान काढावे, नंतर ओल आणि वीज यांची कामे करावीत, मग छत व भिंती रंगवून जमीन करावी आणि सरतेशेवटी मांडण्या व आसने आणावीत. बैठक हलवल्यावर गाडी पुन्हा आत लावता येईल, अशा बेताने केलेले नूतनीकरण बहुतेक कुटुंबांना पुरेसे असते आणि घर विकायच्या वेळीही ते अडचणीचे ठरत नाही.