जपानी सूप घरच्या घरी : चवीचे रहस्य पाण्यात

जपानी भोजन म्हटले की भात आणि कच्च्या माशाची सुशी डोळ्यांसमोर येते. जपानी कुटुंबातील पारंपरिक न्याहारी मात्र याहून निराळी आणि अत्यंत साधी असते. वाफाळता भात, वाटीभर सूप, भाजलेल्या माशाचा किंवा अंड्याचा एखादा पदार्थ आणि थोडे लोणचे, एवढ्यावर ती पूर्ण होते. ‘वाशोकू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी पारंपरिक आहारसंस्कृतीचा समावेश युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

या पदार्थांविषयीचे कुतूहल आता महानगरांपुरते मर्यादित राहिलेले नाही. राजस्थानात दिल्ली–जयपूर महामार्गावरील नीमराणा येथे जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र औद्योगिक क्षेत्र आहे. पुणे जिल्ह्यातील चाकण परिसरातही जपानी कंपन्यांचे कारखाने आहेत. जपानी भाषेच्या अध्यापनाचे पुणे हे देशातील एक महत्त्वाचे केंद्र मानले जाते. ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर पुण्यात उभारलेल्या मैत्री उद्यानाला पु. ल. देशपांडे यांचे नाव देण्यात आले आहे. भाषा शिकून जपानला जाणाऱ्या मराठी तरुणांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मात्र जेवणाचा. शाकाहारी व्यक्तीसाठी तो अधिकच बिकट असतो, कारण वरवर निव्वळ भाजीचे दिसणारे सूपही तेथे बहुधा माशाच्या अर्कात शिजलेले असते.

दाशी म्हणजे काय?

या अर्काला ‘दाशी’ म्हणतात. आपल्याकडे पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवल्यावर उरलेले पाणी म्हणजे कट आणि त्यावर बेतलेली कटाची आमटी सर्वपरिचित आहे. आमटीचा जीव जसा कटात, तसा जपानी सूपचा जीव दाशीत असतो. फरक इतकाच की कटाच्या आमटीला पुढे फोडणी व मसाल्याची जोड मिळते, तर जपानी सूपमध्ये चवीचा मुख्य भार पाण्यात उतरलेल्या अर्कावरच असतो.

दाशीसाठी प्रामुख्याने दोन घटक वापरले जातात. पहिला ‘कोम्बू’ हे वाळवलेले जाड समुद्रशैवाल. दुसरा ‘कात्सुओबुशी’, म्हणजे ट्यूना कुळातील मासा शिजवून, धुरावर वाळवून काढलेले पातळ काप. लक्षद्वीपमध्ये ट्यूनापासून तयार होणारा ‘मासमीन’ हा टिकाऊ पदार्थ याच्या बराच जवळचा आहे.

या चवीचे रासायनिक कोडे तोक्यो इम्पीरियल विद्यापीठातील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये उलगडले. कोम्बूतून त्यांनी ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. गोड, आंबट, खारट व कडू या चवींच्या जोडीला आज उमामी ही मूलभूत चव मानली जाते. पुढे १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतील इनोसिनेट हा घटक ओळखला. वाळवलेल्या शिताके अळंबीतील ग्वानिलेट या घटकाची चव अकिरा कुनिनाका यांनी १९५७ मध्ये निदर्शनास आणली. ग्लुटामेटसोबत यांपैकी एखादा घटक आला की चव कित्येक पटींनी गडद होते. म्हणूनच दाशीत दोन पदार्थ एकत्र आणले जातात.

शाकाहारी दाशी

शाकाहारी व्यक्तींना हा शोध विशेष उपयुक्त आहे. माशाचे काम शिताके अळंबी करू शकते. जपानमधील बौद्ध मठांच्या शाकाहारी पाकपरंपरेत कोम्बू आणि शिताके यांचीच दाशी वापरली जाते.

एक लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम कोम्बू आणि तीन-चार वाळलेल्या शिताके घालून भांडे रात्रभर शीतकपाटात ठेवावे. कोम्बूवरील पांढरी भुकटी ही घाण नसते. त्यामुळे तो धुऊ नये, ओलसर फडक्याने हलकेच पुसावा. सकाळी पाणी मंद आचेवर तापवावे. भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागताच, उकळी फुटण्यापूर्वी, कोम्बू काढून घ्यावा. तो उकळल्यास पाणी बुळबुळीत होऊन त्याला कडसर चव येते. त्यानंतर अळंबी काही मिनिटे शिजू द्यावी आणि पाणी गाळून घ्यावे. अळंबी चिरून सूपमध्येच वापरता येते.

मत्स्याहारी व्यक्तींनी कोम्बू काढल्यावर पाण्याला उकळी आणावी, आच बंद करावी, २० ग्रॅम कात्सुओबुशी घालून दोन मिनिटांनी पाणी गाळावे.

मिसोशिरू : रोजचे सूप

‘मिसो’ म्हणजे शिजवलेले सोयाबीन, मीठ आणि ‘कोजी’ ही बुरशी चढवलेले धान्य एकत्र मुरवून केलेला घट्ट लगदा. तांदळाची कोजी सर्वाधिक प्रचलित आहे. क्यूशू बेटावर जवाची, तर आइची प्रांतात निव्वळ सोयाबीनची मिसो लोकप्रिय आहे. फिकट मिसो सौम्य व गोडसर, तर दीर्घकाळ मुरलेली गडद मिसो उग्र असते. नवशिक्याने फिकट मिसोपासून आरंभ करणे इष्ट.

चार माणसांसाठी ८०० मिलिलिटर दाशी गरम करावी. तीत टोफूचे छोटे चौकोनी तुकडे घालावेत. ‘वाकामे’ हे वाळलेले शैवाल चिमूटभरच भिजवून घालावे, कारण पाण्यात ते अनेक पटींनी फुगते. ते न मिळाल्यास पालक चालतो. आच बंद केल्यावर तीन मोठे चमचे मिसो थोड्या दाशीत कालवून सूपमध्ये मिसळावी. मिसो घातल्यावर सूप उकळू नये, उकळल्याने तिचा सुगंध उडून जातो. पातीचा कांदा बारीक चिरून वरून पेरावा. वेगळे मीठ घालण्याची आवश्यकता नसते.

भाज्यांचे केनचिनजिरू

मराठी स्वयंपाकघराला सर्वांत जवळचे सूप म्हणजे ‘केनचिनजिरू’. कामाकुरा येथे १२५३ मध्ये स्थापन झालेल्या केनचो-जी या बौद्ध मठाशी त्याचा उगम जोडला जातो. मुळा, गाजर आणि अळकुड्या यांचे तुकडे तिळाच्या तेलात परतावेत, हाताने कुस्करलेला टोफू घालावा आणि शाकाहारी दाशीत सर्व मऊ शिजवावे. शेवटी चवीपुरता सोया सॉस घालावा. यातील भाज्या आपल्या कोणत्याही आठवडी बाजारात मिळू शकतात.

न्याहारीचे ताट

एक सूप आणि तीन पदार्थ, ही जपानी भोजनाची पारंपरिक मांडणी होय. सकाळी ती याहूनही आटोपशीर असू शकते. जपानी तांदूळ आखूड व चिकट असतो. त्याऐवजी मावळातील इंद्रायणी तांदूळ उत्तम चालतो. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा आणि शिजल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावा. झटपट लोणच्यासाठी १०० ग्रॅम काकडीच्या चकत्यांना २ ग्रॅम मीठ चोळून अर्धा तास वजनाखाली दाबून ठेवावे. अंडे खाणाऱ्यांसाठी दाशी, किंचित साखर आणि सोया सॉस घालून फेटलेल्या अंड्याचे पातळ थर तव्यावर एकावर एक गुंडाळून ‘तामागोयाकी’ करता येते.

‘नात्तो’ हे आंबवलेले, तार सुटणारे सोयाबीन मात्र अनेकांना पहिल्या घासाला रुचत नाही. तरीही भारताला हा प्रकार परका नाही. सिक्कीममधील किनेमा, मणिपूरमधील हवाइजार, मेघालयातील तुंगरिंबाई आणि नागालँडमधील अखुनी हे त्याचेच सगोत्र पदार्थ आहेत.

ही खबरदारी आवश्यक

• विकत मिळणाऱ्या दाशीच्या भुकटीत आणि काही तयार मिसोमध्ये माशाचा अर्क असतो. भारतात वेष्टनावरील शाकाहार-मांसाहाराची खूण पाहावी. जपानमध्ये अशी खूण बंधनकारक नसल्याने घटकांची यादी वाचणे हाच उपाय आहे.

• एक वाटी मिसोशिरूत साधारण दीड ग्रॅम मीठ असते. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सेवन करावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मिसो कमी घालून भाज्यांचे प्रमाण वाढवावे.

• प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. कोम्बूच्या एका ग्रॅममध्येही त्याच्या कित्येक पट आयोडीन असू शकते आणि ते पाण्यात उतरते. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी तसेच गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याविना कोम्बूची दाशी नित्य घेऊ नये. केवळ शिताकेची दाशी हा त्यांच्यासाठी पर्याय आहे.

• नात्तोमध्ये ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते टाळावे.

• जवाच्या मिसोत आणि बहुतेक सोया सॉसमध्ये ग्लुटेन असते.

सोयाबीन आपले, वाटी त्यांची

जपानला लागणारे बहुतांश सोयाबीन आयात करावे लागते. याउलट मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही भारतातील प्रमुख सोयाबीन उत्पादक राज्ये आहेत. मराठवाडा व विदर्भातील लक्षावधी शेतकऱ्यांची आर्थिक घडी या पिकावर बसते वा विस्कटते. २०२४ च्या हंगामात हमीभाव प्रतिक्विंटल ४,८९२ रुपये असताना बाजारातील दर त्याखाली गेले आणि हा विषय राज्याच्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात गाजला. आपल्याकडील सोयाबीन मुख्यत्वे तेल काढण्यासाठी गिरणीत जाते, उरलेली पेंड प्रामुख्याने पशुखाद्यात वापरली जाते. प्रथिनांनी समृद्ध असे हे धान्य आपल्या ताटात थेट क्वचितच येते.

घरोघरी मिसोशिरू शिजल्याने लातूर किंवा वाशीमचा बाजारभाव लगेच वधारेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि जपानने ज्या धान्यापासून मिसो, टोफू, नात्तो आणि सोया सॉस असे चार निरनिराळे खाद्यपदार्थ घडवले, ते धान्य आपल्या शिवारात मुबलक पिकते. त्याच्या चवीची ओळख करून घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. रात्री पाण्यात भिजत घातलेली चार अळंबी, थोडा टोफू आणि चमचाभर मिसो एवढी तयारी आरंभाला पुरेशी आहे.