किती ते सांगितलंच नाही!

बालमित्रांनो, आईनं सांगितलं, "जा, दुकानातून साखर घेऊन ये." तुम्ही पिशवी घेऊन पळत सुटलात, रांगेत उभे राहिलात. दुकानदारकाकांनी विचारलं, "किती देऊ?" आणि तेव्हा कुठं लक्षात आलं, किती ते आईनं सांगितलंच नव्हतं! झाली ना फजिती? आता पुन्हा घरी हेलपाटा.

गंमत म्हणजे, संगणकाचीही अश्शीच फजिती होते. आकडेमोडीसाठी जगभर वापरली जाणारी 'आर' नावाची एक संगणकभाषा आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती तयार केली आणि १९९३ साली लोकांपुढं आणली.

या भाषेत नेमून दिलेल्या कामाला 'फंक्शन' म्हणतात आणि त्या कामाला लागणाऱ्या माहितीला 'आर्ग्युमेंट'. सरळव्याज काढायचं असेल तर मुद्दल, दर आणि मुदत ही तीन आर्ग्युमेंट्स. समजा, दर द्यायला तुम्ही विसरलात. 'आर' लगेच ओरडत नाही! प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हाच ती माहिती बघते. म्हणून काम सुरू होतं आणि दर वापरायची वेळ आली की अडतं.

शहाणं मूल मात्र दारातच विचारतं, "आई, किती आणू?" असं विचारायला 'आर'मध्ये 'मिसिंग' हे फंक्शन आहे. 'मिसिंग' लिहून पुढं कंसात 'दर' लिहायचं. दर दिला नसेल तर उत्तर येतं 'ट्रू', म्हणजे खरं. दिला असेल तर 'फॉल्स', म्हणजे खोटं. मात्र हे अगदी सुरुवातीलाच विचारायचं. आधी दरात स्वतःच काही भरलं, तर त्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

काही घरांत ठरलेलंच असतं, सांगितलं नाही तर एक किलो आणायची. आर्ग्युमेंटलाही अशी ठरावीक किंमत देता येते. पण जपून हं! वर्गाच्या निकालासाठी मी फंक्शन लिहिलं, तेव्हा 'गुण दिले नाहीत तर शून्य धर' असं ठरवून टाकलं. एक मुलगी तापामुळं एका पेपरला नव्हती. बाकी चारही विषयांत तिला ८० गुण. फंक्शननं पाचवा विषय शून्य धरला आणि सरासरी काढली ६४!

ती हळूच म्हणाली, "बाई, मी पेपर दिलाच नाही, मग शून्य कसं पडलं?"

मला उत्तर सुचेना. चूक संगणकाची नव्हती, माझी होती. आता माझं फंक्शन आधी 'मिसिंग' विचारतं आणि त्या विषयापुढं 'गैरहजर' लिहितं.

मुलांनो, शून्य वेगळं आणि रिकामी जागा वेगळी. रिकाम्या जागी मनाचं काही भरण्याआधी एकदा विचारावं. आणि हो, साखर आणायला निघालात, तर दारातच विचारा बरं का, "किती?"