‘दऱ्या’, ‘दर्या’ आणि फाइल सिस्टीमची स्थिरता

संगणकाच्या फाइल सिस्टीममधील एखादी नवी सोय उपलब्ध असणे आणि ती ‘डिफॉल्ट’ असणे, म्हणजे कोणी न मागताही चालू असणे, या दोन भिन्न अवस्था होत. पहिलीत जोखीम जाणणारा ती स्वतः पत्करतो. दुसरीत ती न जाणणाऱ्याच्या वतीने पत्करली जाते. म्हणून दुसरीची कसोटी अधिक कडक असावी लागते. हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांचा वाटला, तरी बोलींचा संग्रह करणाऱ्यांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

सोय निर्दोष चालणे ही पहिली कसोटी. परंतु तेवढी पुरेशी नाही. लिनक्सवरील एक्स्ट4 या फाइल सिस्टीमच्या अंतर्गत नोंदींत बिघाड झाला आहे का, हे ओळखणारी ‘चेकसम’ची सोय 2012 साली आली, ती डिफॉल्ट झाली 2016 मध्ये. उलट 2023 साली आणखी दोन सोयी डिफॉल्ट करण्यात आल्या, तेव्हा डेबियनने आपल्या आवृत्तीत त्या पुन्हा बंद ठेवल्या. कारण संगणक सुरू करणारी व डिस्कची दुरुस्ती करणारी जुनी साधने त्या ओळखत नव्हती. लिहिणारा तयार होता, वाचणारे नव्हते.

तिसरी कसोटी अर्थाची होय. लहान व मोठ्या रोमन अक्षरांतील भेद न मानता फाइलींची नावे जुळविणारी सोय एक्स्ट4 मध्ये 2019 साली आली. ती युनिकोड 12.1 च्या कोष्टकांवर आधारलेली असून नावे जुळविताना काही अदृश्य चिन्हे वगळते. झिरो विड्थ जॉइनर हे त्यांपैकीच एक. आता ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो : एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसरीत ‘र’, हलन्त आणि हे अदृश्य चिन्ह. दुसऱ्या रीतीतून ते चिन्ह वगळले की उरतो ‘दर्या’, म्हणजे समुद्र. सारख्या दिसणाऱ्या दोन ‘दऱ्या’ अशा रीतीने वेगळ्या ठरतात, आणि अर्थाने भिन्न असलेले ‘दऱ्या’ व ‘दर्या’ एक होतात. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांचीही गत तीच.

एक्स्ट4 मध्ये ही सोय प्रत्येक फोल्डरसाठी मुद्दाम चालू करावी लागते. परंतु अँड्रॉइड 11 पासूनच्या अनेक फोनांच्या सामायिक साठ्यात तिच्यासारखीच सोय मुळातच चालू असते. समजा, चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात झाडीबोलीचे शब्द फोनवर ध्वनिमुद्रित केले जात आहेत आणि शब्द हेच फाइलीचे नाव आहे. अशा वेळी दुसऱ्या शब्दाची फाइल पहिल्या शब्दाच्या फाइलीवर लिहिली जाण्याचा संभव असतो. भामरागडहून परतेपर्यंत ती एकमेव प्रत असेल, तर हानी भरून निघत नाही. आवाज देणारी वृद्ध व्यक्ती पुन्हा भेटेलच असे नाही.

मग नियमच सुधारावा, असे कोणी म्हणेल. लिनक्समध्ये 2024 साली ही चिन्हे न वगळण्याचा बदल करून पाहण्यात आला. परिणामी अशी चिन्हे असलेल्या आधीच्या फाइली सापडेनाशा झाल्या आणि तो बदल त्याच वर्षाच्या अखेरीस मागे घ्यावा लागला. डिस्कवरील अनुक्रमणिका जुन्या नियमाने बांधलेली असते. नियम बदलताच तिचा दुवा तुटतो.

यावरून निष्कर्ष असा की, सोय डिफॉल्ट करण्याचा निर्णय केवळ ‘ती किती दिवस निर्वेध चालली’ यावर घेता येत नाही. जुनी साधने ती वाचतील काय, चूक आढळल्यास मागे फिरता येईल काय आणि ज्यांच्या लिपीवर नियम लादला जातो त्यांच्या शब्दांतील भेद टिकतात काय, हेही पाहावे लागते. शेवटच्या प्रश्नाची परीक्षा घेण्यास अर्थभेदक जोड्यांची छोटी यादी पुरते, आणि ती देणे भाषाभ्यासकाचेच काम आहे. तोपर्यंत क्षेत्रकार्यात फाइलीला क्रमांक द्यावा व शब्द सूचीत नोंदवावा, हे सुरक्षित.