नाव एक, सामर्थ्य निराळे

हिमायतनगर तालुक्यातील जो विद्यार्थी चित्रफीत-संकलनासाठी अथवा त्रिमितीय आरेखनासाठी लॅपटॉप घेऊ पाहतो, त्याने ही बाब आधी ध्यानी घ्यावी की, २०१६ साली एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डांच्या नावातील ‘एम’ हे अक्षर गाळल्यापासून डेस्कटॉप व लॅपटॉप यांच्या कार्डांची नावे सारखी झाली, अंतरंग मात्र सारखे झाले नाही. आरटीएक्स ४०९० या नावाखाली डेस्कटॉपमध्ये १६,३८४ गणन-गाभे, २४ जीबी स्मृती आणि ४५० वॅटांची मुभा असते. लॅपटॉपमध्ये मूळ चिपच निराळी, गाभे ९,७२८ आणि स्मृती १६ जीबी. ४०६० मध्ये दोहोंकडे गाभे ३,०७२ व स्मृती ८ जीबीच. परंतु डेस्कटॉपला ११५ वॅट मुक्रर असताना लॅपटॉपला निर्मात्याच्या मर्जीप्रमाणे ३५ पासून ११५ वॅटांपर्यंत कितीही मिळतात, सबब एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांतही मोठी तफावत पडते. दुकानदाराकडे नावाआधी वॅटांचीच चौकशी करावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

त्यातून आपला मराठवाड्याचा उन्हाळा! पारा ४० अंशांपलीकडे गेलेला असताना लॅपटॉपचे चिमुकले पंखे खोलीतलीच तप्त हवा आत ओढतात, आणि चिप स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवते. वीज गेल्यावर डेस्कटॉप यूपीएसवाचून तत्काळ बंद पडतो. लॅपटॉप चालू राहतो खरा, पण बॅटरीवर त्याच्या ग्राफिक्स कार्डाला पूर्ण शक्ती लाभत नाही.