‘मी असाच आहे’ म्हणण्याआधी

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा माझ्याच विरोधात जाणारा आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. माझ्या जिगरी दोस्तासाठी मी बिनधास्त प्रॉक्सी मारायचो. का? तर ‘त्याला घरी अडचण असते.’ एकदा वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाने तेच मागितलं, तर मी म्हणालो, ‘असली चुकीची कामं मी करत नाही.’ पुढे डिफॉल्टर लिस्टमध्ये त्याचं नाव लागलं, तेव्हा कळलं की तो पहाटे दुधाचा रतीब घालून कॉलेजला यायचा. आणि माझ्या दोस्ताची अडचण? बहुतेक वेळा झोप!

म्हणजे निर्णय आधीच झाला होता. कारणं मी नंतर शोधली.

लॉरेन्स कोलबर्ग नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मुलांना एक गोष्ट सांगायचे. हाइन्झची बायको कॅन्सरने मरणाच्या दारात आहे. औषधवाला खर्चाच्या दहापट किंमत मागतोय. हाइन्झकडे निम्मेच पैसे जमलेत. त्याने औषध चोरावं का? कोलबर्ग ‘हो’ की ‘नाही’ यापेक्षा ‘का’ याकडे बघायचे. शिक्षेची भीती, लोक काय म्हणतील, कायदा, की माणसाच्या जिवाची किंमत? पुढे १९८२ मध्ये कॅरल गिलिगन यांनी विचारलं, की नियम आणि हक्क यांच्याइतकीच नात्यातली काळजी का मोजायची नाही? आणि २००१ मध्ये जोनाथन हाइट यांनी मांडलं, की बऱ्याचदा आपल्याला आधी ‘वाटतं’ आणि मग आपण वकिलासारखी बाजू मांडतो. माझी प्रॉक्सी तंतोतंत अशीच.

आता अभ्यासाकडे या. ‘मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला व्हिडिओच लागतो,’ असं मीही वर्षभर सांगत फिरलो. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. ज्याची जशी शैली तसंच शिकवलं तर जास्त शिकलं जातं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. आवड असते, पण आवडलं म्हणजे डोक्यात बसलं असं नाही.

२००६ चा रोडिगर आणि कार्पिके यांचा प्रयोग बघा. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले! पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो, की आलं आपल्याला.

दोन्हीकडे गोची एकच आहे बघा. ‘वाटणं’ यालाच आपण ‘कळणं’ समजतो. म्हणून दोन्हीकडे परीक्षा घ्यायची. अभ्यासात पुस्तक मिटून लिहायचं. आणि निर्णय घेताना नावं बदलून बघायची. दोस्ताच्या जागी न आवडणारा माणूस ठेवला, तरी माझं कारण टिकतं का?

त्या मुलाला मी नंतर सॉरी म्हणालो. तो हसून म्हणाला, ‘प्रॉक्सी नव्हती मारायची तर नको, पण निदान का मागतोय ते तरी विचारायचंस.’ ते वाक्य मला कुठल्याही नोट्सशिवाय पाठ आहे.

तुम्ही शेवटचं ‘तत्त्व’ कुणासाठी वाकवलं होतं? आज झोपण्याआधी आठवून बघा. भेटू पुढच्या भागात!