जुन्या आळींत नवें घर

अकोल्याच्या जुन्या गांवठाणांतून शाळेकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट खचित पाहिली असेल. आळींतील एखादें जुनें घर पाडलें जातें, कांहीं महिने पडलेल्या दांतासारखी ती जागा मोकळी दिसते, आणि मग तेथें सिमेंटचें नवें घर उभें राहतें. जाणारे-येणारे म्हणतात, "आळीची शोभा गेली!" परंतु घर पाडणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं त्याची अडचण पाहिली पाहिजे. वाळवीनें पोखरलेले खांब, माजघरांत भर दिवसा अंधार, भाऊ वेगळे झाल्यावर अपुरी पडणारी जागा, हें सर्व आंत राहणाऱ्यासच सोसावें लागतें. नवें बांधणें हें पाप नव्हे. तें शेजारांत कसें बसवावें, एवढाच प्रश्न आहे.

जुन्या आळींतील घरें एकाच वेळीं बांधलेलीं नसतात. तरी तीं एका कुटुंबांतील दिसतात. याचें कारण लांकूड. तुळईची लांबी बेताची, म्हणून दोन खांबांमधील अंतर, ज्यास आपण खण म्हणतों, साधारणपणें पांच फुटांच्या आसपास ठेवीत. कोणाचें घर तीन खणांचें, कोणाचें सात खणांचें. माप मात्र तेंच. दारें-खिडक्याही त्याच मापांत बसत. खालीं काळ्या दगडाचें जोतें, त्यापुढें ओटा, आणि वर पागोळ्या भिंतीपासून दूर पाडणारी वळचण. ज्या तालुक्याच्या पश्चिमेस घाटघर-रतनवाडीचा पाऊस कोसळतो, तेथें वळचणीचें महत्त्व सांगावयास नको.

नवा माल आला कीं आळी बिघडते, असेंही नाहीं. मंगळुरी कौल आज आपणांस जुनें वाटतें. परंतु बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला तो १८६५ सालीं. एके काळीं तें कौलही परकेंच होतें. छपराचा उतार व वळचणीची रेषा त्यानें मोडली नाहीं, म्हणून तें मिसळून गेलें.

मुंबईंत हीच गोष्ट सरकारी नियमानें साधली. हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नवरोजी मार्ग, येथील इमारतींस तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठीं कमानींची ओवरी ठेवण्याचें बंधन १८९६ सालीं घालण्यांत आलें. कोणी गॉथिक कमानी घातल्या, कोणी रोमन धर्तीचे खांब उभारले. पण ओवरी सलग राहिली, व पावसांत त्या छायेंतून लोक आजही चालतात.

आमच्या आळीची ओवरी म्हणजे ओटा. त्याच्या जागीं मोटारीसाठीं रिकामा तळमजला किंवा लोखंडी शटर आलें, कीं संध्याकाळीं बसणाऱ्या म्हाताऱ्यांस जागा उरत नाहीं. ओट्याची उंची व रेषा शेजाऱ्याशीं जुळवून वर काँक्रीटचें घर बांधलें, तर तें डोळ्यांस खुपत नाहीं. प्लास्टरचे नक्षीदार खांब चिकटवून जुनेपणाचें सोंग आणण्याची तर मुळींच गरज नाहीं.

जोत्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. जुना थर न खरवडतां रस्त्यावर नवा थर पडत गेला, म्हणजे रस्ता चढतो आणि ओटे बुडतात. नवा मालक साहजिकच आपलें जोतें उंच घेतो. त्याच्या अंगणाचें पाणी मग शेजारच्या उंबऱ्यांत शिरतें. त्याकरितां गटाराचा उतार आधीं ठरवावा लागतो.

याहून मोठें संकट सामाईक भिंतीचें. जुन्या घरांच्या मधल्या भिंती बहुधा कच्च्या विटांच्या व मातीच्या गाऱ्याच्या. त्यांस दोन्ही घरांचा आधार असतो, आणि पाऊस त्यांनीं कधीं पाहिलेला नसतो. एक घर पाडलें, किंवा रस्तारुंदीच्या नियमानें मागें सरकलें, कीं शेजाऱ्याची भिंत उघडी पडते. तिला धिरे द्यावयाचे, बाहेरून गिलावा करावयाचा, आणि खर्च कोणीं सोसावयाचा, हें नकाशा काढतांनाच शेजाऱ्यास बोलावून ठरविलें पाहिजे. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर भिजलेली भिंत सांवरतां येत नाहीं.