उमरीची बँक आणि निजामाशी संघर्षाची कारणे
३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी मराठवाड्यातील उमरीची स्टेट बँक लुटली आणि लाखो रुपये निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी नेले. या धाडसामागचा असंतोष मात्र जुना होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू किंवा कन्नड. राज्यकारभार आणि उच्च शिक्षण उर्दूतून. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, म्हणजे सनदशीर वाटही बुजली. १९४७ मध्ये निजामाने भारतात विलीनीकरण नाकारले आणि स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना अटक केली. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांनी, म्हणजे निजामसमर्थक सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगावी दहशत माजवली. ठिणगी तिथेच पडली. सप्टेंबर १९४८ मधील भारत सरकारच्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपवली.